इलेक्ट्रिक, हायब्रिड की प्लग-इन? शोरूमच्या आधी पार्किंगमध्ये जा

आमची अकरा वर्षांची डिझेल गाडी विकायला काढली, तेव्हा नवी कोणती घ्यायची यावर घरात चार महिने खल चालला. बायकोला इलेक्ट्रिक हवी होती. कराडला राहणाऱ्या बाबांना एकच प्रश्न होता, "घाटात बंद पडली तर?" अंधेरीचा मेहुणा तोवर हायब्रिड घेऊन मोकळा झाला होता आणि न्यू जर्सीत असलेला चुलतभाऊ फोनवर प्लग-इनचं कौतुक सांगायचा. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं, म्हणूनच आमचा गोंधळ वाढत गेला.

शेवटी इलेक्ट्रिक घेतली आणि तिच्यावर आम्ही समाधानी आहोत. पण मी बुकिंग आधी केलं आणि सोसायटीला नंतर विचारलं. गाडी दारात आली तेव्हा पार्किंगमध्ये प्लग नव्हता. पुढचे सात आठवडे रात्री जेवण झाल्यावर सार्वजनिक चार्जरवर जाऊन रांगेत बसावं लागलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणारा आणि महिन्या-दोन महिन्यांनी गावी जाणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवलाय. तुमचं घर वेगळं असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

१. आधी नावं नीट समजून घ्या

बाजारात 'हायब्रिड' हा शब्द फार सैलपणे वापरतात. खरे प्रकार चार आहेत.

माइल्ड हायब्रिडमध्ये पट्ट्यावर चालणारी छोटी मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते. ही मोटर एकटी गाडी हलवू शकत नाही. मारुतीच्या गाड्यांवर 'स्मार्ट हायब्रिड' लिहिलेलं असतं, ते हेच. मनानं हिला पेट्रोल गाडीच समजा.

स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर गाडी एकटीनं ओढू शकते. टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस, मारुतीची ग्रँड व्हिटारा, होंडा सिटीची ई:एचईव्ही ही आपल्याकडची ओळखीची उदाहरणं. हिला प्लग नसतो. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती आणि इंजिनाची जास्तीची शक्ती बॅटरीत साठते आणि सिग्नलवरून निघताना कामाला येते. हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराची ही बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासाची आहे, म्हणजे तिच्यात पुरतं एक युनिटही मावत नाही. 'हायब्रिड म्हणजे अर्धी इलेक्ट्रिक' असं कुणी म्हटलं तर हा आकडा आठवा. हिची सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते, फक्त ती कमी वाया जाते.

प्लग-इन हायब्रिडची बॅटरी मोठी असते. ती घरी चार्ज करायची, पहिले चाळीस-साठ किलोमीटर विजेवर जायचं आणि पुढे इंजिन.

चौथी पूर्ण इलेक्ट्रिक. इंजिन नाही, सायलेन्सर नाही, पीयूसी नाही. नेक्सॉन ईव्हीच्या मोठ्या बॅटरीत ४५ युनिटं मावतात. हायब्रिडच्या त्या पाऊण युनिटाशी ताडून पाहा.

इथे एक सापळा आहे. ग्रँड व्हिटारासारखी गाडी माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन्ही रूपांत विकली गेली आहे. एका शोरूममध्ये आम्हाला जाहिरातीतलं अ‍ॅव्हरेज एका रूपाचं सांगितलं आणि किंमत दुसऱ्याची. कोटेशनवर व्हेरियंटचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि विचारा, "इंजिन बंद ठेवून ही गाडी चालते का?"

२. पार्किंगमध्ये उभं राहून चार प्रश्न विचारा

हे काम कुठलीही टेस्ट ड्राइव्ह घेण्याआधी करा. संध्याकाळी पार्किंगमध्ये जा आणि बघा:

- ही जागा माझ्या नावावर आहे का? वाटपपत्र आहे का? 'जो आधी येईल त्याची' अशी सोसायटी असेल तर चार्जर कुठे बसवणार?
- मीटर रूमपासून माझ्या जागेपर्यंत केबल किती लांब जाईल? पावलांनी नाही, टेपनं मोजा.
- जागा उघड्यावर आहे का? पावसाळ्यात पाणी साचतं का?
- पार्किंग यांत्रिक, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या पाळण्यांचं आहे का?

चौथ्या प्रश्नावर मेहुण्याचा निर्णय झाला. त्याच्या इमारतीत गाड्या पाळण्यात चढतात, तिथे प्लग नेण्याची सोयच नाही. त्यानं स्ट्राँग हायब्रिड घेतली आणि त्याच्यासाठी तेच योग्य होतं. मुंबईच्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये त्याला लिटरला एकवीस-बावीस मिळतात. कंपनीचा दावा २७.९७ चा होता, पण पूर्वीच्या पेट्रोल गाडीत त्याला अकरा मिळायचे.

घरी किंवा ऑफिसात रोजच्या प्लगची खात्री नसेल तर इलेक्ट्रिक घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो. सार्वजनिक चार्जर प्रवासासाठी ठीक आहेत. रोजची चूल त्यांच्यावर पेटत नाही.

३. महिनाभर किलोमीटर लिहा

फोनमध्ये रोजचे किलोमीटर टिपा. महिनाअखेर तीन आकडे काढा: रोजची सरासरी, सर्वांत लांबचा एकदिवसीय प्रवास, आणि शहर-महामार्ग यांचं प्रमाण.

आमचं असं निघालं: रोज ऑफिसचे ४० किलोमीटर, महिन्याचे ८८०. शिवाय कराडची एक फेरी, जाऊन-येऊन ३२०. एकूण १,२००.

शहर-महामार्ग प्रमाण महत्त्वाचं आहे, कारण पेट्रोल गाडीचा आपला अनुभव इथे उलटा होतो. पेट्रोल गाडी महामार्गावर जास्त अ‍ॅव्हरेज देते. स्ट्राँग हायब्रिडचा फायदा शहरात सर्वाधिक असतो, कारण ब्रेक वारंवार लागतात आणि दर वेळी थोडी शक्ती परत मिळते. ताशी शंभरच्या एकसारख्या वेगात परत मिळवण्यासारखं काही उरत नाही. इलेक्ट्रिकचंही तसंच आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. आमची गाडी शहरात युनिटला सात किलोमीटर देते, महामार्गावर सहा, आणि शंभरच्या पुढे नेली की पाच. महिन्यातले वीस दिवस पुणे-नाशिक, पुणे-कोल्हापूर करणाऱ्याने हे आकडे घेऊनच पुढचं ठरवावं.

४. खर्चाची बेरीज स्वतः करा

शोरूममधला 'वर्षाला लाख वाचतील'चा कागद बाजूला ठेवा. महिन्याला १,२०० किलोमीटर आणि पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरून आमची बेरीज अशी झाली:

पेट्रोल, सरासरी १३ चं अ‍ॅव्हरेज: ९२ लिटर, सुमारे ९,६०० रुपये.

स्ट्राँग हायब्रिड, सरासरी २०: ६० लिटर, ६,२४० रुपये.

इलेक्ट्रिक, घरी चार्जिंग: शहराच्या ८८० किलोमीटरला १२६ युनिटं. चार्ज करताना दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते, ती धरून १४२. घरच्या वीजबिलात सगळे आकार मिळून वाढीव युनिट १२ रुपयांना पडतं असं धरलं, तर १,७०० रुपये. कराडची जाताना घरची वीज आणि येताना महामार्गावरचं २२ रुपयांचं फास्ट चार्जिंग धरलं तर आणखी ९५० च्या आसपास. एकूण २,७०० रुपयांच्या आत.

तीच इलेक्ट्रिक पूर्णपणे सार्वजनिक चार्जरवर: साधारण १९० युनिटं, म्हणजे ४,२०० रुपये. हायब्रिडपेक्षा महिन्याला दोनच हजारांची बचत आणि त्यासाठी दर आठवड्याला दीड-दोन तास रांगेत. ते सात आठवडे मी हेच केलं.

इथे वीजबिलाचे टप्पे विसरू नका. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे असे चढते दर आहेत. घरात आधीच अडीचशे युनिटं जळत असतील तर गाडीची बरीचशी युनिटं वरच्या टप्प्यात जातात. म्हणून गाडीसाठी वेगळं मीटर घ्यावं का, याचा हिशेब जुनं बिल समोर ठेवून करा. ईव्ही चार्जिंगचा दर वेगळा असतो आणि त्याला घरगुती टप्पे लागू होत नाहीत.

आता खरेदीच्या वेळचा फरक. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४० टक्के आहे. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के वाहनकर लागतो आणि हायब्रिडही त्यातच मोडते. सतरा लाखांच्या हायब्रिडवर हा कर दोन लाखांच्या वर जातो. इलेक्ट्रिकला तो माफ आहे. दोन्हींच्या एक्स-शोरूम किमती शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका, ऑन-रोड मागा. उत्तर प्रदेशातल्या नातेवाइकाला हायब्रिड स्वस्त पडली असं ऐकलंत तर त्याचं कारण तिथे २०२४ मध्ये दिलेली नोंदणीकराची माफी आहे. ती आपल्याकडे नाही.

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू इथे इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. राष्ट्रीय महामार्गांवरच्या खेड-शिवापूर, आनेवाडीसारख्या नाक्यांवर ती गृहीत धरू नका. गाडीचा प्रकार फास्टॅगवर बरोबर नोंदला गेलाय का ते पहिल्याच आठवड्यात तपासा, नाहीतर माफी असूनही पैसे कापले जातात.

आणखी एक सावधगिरी. कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची आयकर वजावट मिळेल, असं आजही काही विक्रेते सांगतात. कलम ८०ईईबीची ती सवलत १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांसाठीच होती.

विम्यात थर्ड पार्टी हप्त्यावर इलेक्ट्रिकला १५ टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के सूट २०२२ पासून आहे. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात मात्र बॅटरीचं संरक्षण वेगळं जोडावं लागतं. ते घ्या. पुरात बुडालेल्या बॅटरीचा खर्च लाखांत जातो, आणि चिपळूणचा जुलै २०२१ आपण पाहिलाय.

५. प्लग-इन कुणासाठी?

कागदावर सर्वांत शहाणा पर्याय हाच वाटतो. रोज विजेवर, लांब पेट्रोलवर. आपल्याकडे अडचण अशी की तो मिळतो मुख्यतः बीएमडब्ल्यू, पोर्श, रेंज रोव्हरच्या किमतीत. मध्यमवर्गाच्या अंदाजपत्रकात सध्या त्याचा विचार करण्याचं कारण नाही.

परदेशात असाल तर गोष्ट वेगळी. चुलतभावाची टोयोटा रॅव्ह४ प्राइम आहे. तिच्या बॅटरीत १८.१ युनिटं मावतात आणि अधिकृत विद्युत पल्ला ४२ मैलांचा आहे, म्हणजे ६८ किलोमीटर. त्याच्या गॅरेजमध्ये अमेरिकेचा साधा १२० व्होल्टचा प्लग आहे. त्यावर गाडी बारा तासांत भरते, वेगळा चार्जर बसवायला लागला नाही. ऑफिस जवळ, सुट्टीत सातशे मैल. त्याला ती चपखल बसली.

पण प्लग-इनचा सगळा फायदा रोज रात्री प्लग लावण्यावर अवलंबून आहे. युरोपीय आयोगानं गाड्यांच्या संगणकांतली प्रत्यक्ष वापराची माहिती तपासली, तेव्हा प्लग-इन गाड्यांचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघालं. कारण लोक चार्जच कमी करतात. चार्ज न केलेली प्लग-इन म्हणजे जड बॅटरी वाहणारी पेट्रोल गाडी. कंपनीकडून पेट्रोलचं कार्ड मिळत असेल आणि विजेचे पैसे मात्र स्वतःचे, तर ही गाडी घेण्याआधी विचार करा.

६. टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रस्त्यावर घ्या

शोरूमच्या मागच्या रस्त्यावरच्या दोन किलोमीटरमध्ये काही कळत नाही. अर्धा दिवस गाडी मागा. बहुतेक ठिकाणी देतात, आग्रह धरावा लागतो.

सुरुवातीला बॅटरीची टक्केवारी आणि किलोमीटर टिपा, शेवटी पुन्हा टिपा. एसी चालू, घरची चार माणसं आत. कंपनीनं सांगितलेल्या पल्ल्याचा महामार्गावर साठ ते सत्तर टक्के हिस्सा धरून चाला.

घाट असेल तर उत्तम. आम्ही वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलो. चढताना टक्केवारी भराभर उतरली, बायको घाबरली. उतरताना ब्रेकला पाय क्वचित लागला आणि एक युनिटाच्या आसपास वीज परत जमा झाली. स्ट्राँग हायब्रिडची छोटी बॅटरी अशा उतारावर अर्ध्यातच भरते, मग इंजिनालाच गाडी रोखून धरावी लागते. इलेक्ट्रिकबाबतही एक गोष्ट लक्षात ठेवा. महाबळेश्वरला मुक्काम करून शंभर टक्के चार्ज करून निघालात, तर उतरताना वीज साठवायला जागाच नसते आणि गाडी नेहमीसारखी आपोआप मंदावत नाही. ऐंशीवर थांबवा.

हायब्रिड बघताना डिकी उघडा आणि तुमच्या नेहमीच्या बॅगा ठेवून बघा. काही गाड्यांत बॅटरीमुळे जागा चांगलीच कमी झालेली असते.

७. सोसायटी आणि मीटर

इथे सर्वांत जास्त वेळ जातो. बुकिंगच्या किमान दोन महिने आधी सुरू करा.

कमिटीच्या मनात तीन शंका असतात: आग लागेल का, ट्रान्सफॉर्मरवर भार येईल का, आणि वीज कुणाच्या मीटरवर? माझ्या पहिल्या अर्जात यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं, म्हणून तो तसाच पडून राहिला. दुसऱ्या अर्जाला परवानाधारक वीज ठेकेदाराचा नकाशा, केबलचा मार्ग, भाराचा हिशेब आणि 'सर्व खर्च माझा, मीटर माझं' असं हमीपत्र जोडलं. तो पुढच्याच बैठकीत मंजूर झाला. घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा आहे, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्याची प्रत जोडा, पण भांडण त्यावरून सुरू करू नका. शेजाऱ्यांना आधी चहाला बोलवून समजावलेलं जास्त उपयोगी पडतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. १६ अँपियरच्या प्लगवर तासाला सुमारे तीन युनिटं भरतात, म्हणजे रात्रीत सत्तावीस. रोज चाळीस किलोमीटरला हे पुरून उरतं. ७.२ किलोवॅटचा चार्जर हवा असेल तर ३२ अँपियरची स्वतंत्र लाइन लागते आणि मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. गाडीसोबत चार्जर फुकट मिळतो म्हणून मोठाच बसवायला हवा असं नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड कधीही वापरू नका. तांब्याची योग्य जाडीची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली तर तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग यांत पैसे वाचवू नका.

८. कागदपत्रं

चार्जरसाठी: सोसायटीचं ना-हरकत पत्र, पार्किंगचं वाटपपत्र, शेअर सर्टिफिकेट किंवा इंडेक्स-२, ताजं वीजबिल, आधार, पॅन, ठेकेदाराचा चाचणी अहवाल. भाड्यानं राहत असाल तर भाडेकरार आणि घरमालकाचं संमतीपत्र.

गाडीसाठी: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, कर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्र. नोंदणीचे फॉर्म २०, २१ आणि २२ डीलर भरतो, प्रती मागून घ्या. इलेक्ट्रिकला हिरवी पाटी मिळते, हायब्रिडला नेहमीची पांढरी.

बॅटरीची वॉरंटी वेगळ्या कागदावर असते. नेहमीची मुदत आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. त्यात क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देतात आणि गाडी विकली तर पुढच्या मालकाला काय मिळतं, या दोन ओळी शोधून वाचा.

९. पहिला महिना आणि गावचा प्लग

बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची आहे का ते विचारा. असेल तर अधूनमधून शंभर टक्के भरावी, म्हणजे टक्केवारीचा अंदाज बरोबर राहतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ऐंशीपर्यंतच. महामार्गावरही ऐंशीनंतर फास्ट चार्जिंग मंदावतं, तिथे थांबून पुढच्याला जागा द्या. दोन-तीन चार्जिंग अ‍ॅप घरूनच उघडून, पैसे भरून ठेवा. घाटाच्या पायथ्याशी रेंज नसताना ओटीपीची वाट बघणं फार त्रासाचं असतं. आणि इलेक्ट्रिक असो की हायब्रिड, दोन्हींत साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच. ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर घरच्या कुणाला तरी अधूनमधून चालू करायला सांगा.

गावी नेणार असाल तर तिथलं अर्थिंग आधी तपासा. कराडच्या आमच्या जुन्या घरात पहिल्या रात्री प्लग लावला आणि चार्जरवर लाल दिवा लागला. घराला अर्थिंगच नव्हतं. इतकी वर्षं पंखे, फ्रिज, मोटर चालत होती, कुणाला कळलं नाही, पण चार्जर तपासूनच वीज घेतो. दुसऱ्या दिवशी वायरमननं अंगणात खड्डा घेऊन तांब्याची पट्टी पुरली, मीठ-कोळसा भरला आणि मीटरपासून नवी लाइन ओढली. काम अर्ध्या दिवसाचं होतं. आता आम्ही पोचलो की बॅगा उतरायच्या आत बाबा केबल घेऊन बाहेर येतात आणि सकाळी चहाच्या वेळी किती टक्के झाली ते सांगतात.